लांब बोगद्यात दार कुठे असते?

धायरीकर

मी धायरीला राहतो आणि नोकरीनिमित्त आठवड्यातले चार दिवस कात्रजच्या नव्या बोगद्यातून शिरवळच्या बाजूला ये-जा करतो. हा बोगदा जेमतेम सव्वा किलोमीटरचा असल्यामुळे आत शिरल्यावर मनात काही यायच्या आतच माणूस पलीकडे निघालेला असतो. बोगद्याची भीती वाटावी असे त्यात काही नाही. खरी भीती बाहेर पडल्यावर नवले पुलाकडे जाणाऱ्या उतारावर, मागून येणाऱ्या ट्रककडे आरशात पाहताना वाटते, पण तो निराळा विषय आहे.

धागा काढण्याचे कारण असे, की मागच्या उन्हाळ्यात आईला घेऊन धाकट्या भावाकडे नॉर्वेत, बर्गनला गेलो होतो. ऑस्लोहून बर्गनला मोटारीने जाताना वाटेत लेर्दालचा बोगदा लागतो. त्याची लांबी २४.५ किलोमीटर आहे आणि २००० सालच्या नोव्हेंबरात तो खुला झाल्यापासून रस्त्यावरच्या बोगद्यांमध्ये जगातला सर्वांत लांब म्हणून त्याचे नाव घेतले जाते. आपल्या हिशेबात सांगायचे तर स्वारगेटहून निघून खेड शिवापूरच्या आसपास पोहोचेपर्यंत डोक्यावर एकदाही आकाश दिसणार नाही, असा हा प्रकार आहे. वीस मिनिटे गाडी नुसती डोंगराच्या पोटातून चाललेली असते. एकच नळी, येणारी आणि जाणारी वाहने तिच्यातूनच, आणि वाहतूक इतकी विरळ की समोरून दिवा दिसला तर बरे वाटते.

इतका वेळ एकसारख्या भिंती पाहून चालकाला गुंगी येते किंवा जीव गुदमरल्यासारखा होतो. म्हणून तिथल्या लोकांनी मानसशास्त्र जाणणाऱ्यांचा सल्ला घेऊन दर सहा किलोमीटरवर एक, अशा तीन मोठ्या गुहा खोदल्या आहेत. त्यांच्या छताला निळा उजेड आणि कडेला जमिनीलगत पिवळसर उजेड सोडलेला असतो, त्यामुळे पहाट व्हायला आली आहे असा भास होतो. पहिल्या गुहेत आईने अक्षरशः हात जोडले. दुसरी गुहा मागे पडली, तशी ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, "अरे, पण ह्याला दार कुठे आहे?"

मी म्हणालो, "दोन्ही टोकांना." त्यावर ती म्हणाली, "ते मला दिसतंय. मध्ये काही झालं तर?"

भावाने सांगितले, की तिथे ठरावीक अंतरावर गाडी वळवायला जागा केलेल्या आहेत आणि भिंतीवरचे अग्निशामक नळकांडे कोणी उचलले की नियंत्रण कक्षाला तत्काळ कळते व "वळा आणि बाहेर पडा" अशा पाट्या पेटतात. म्हणजे लेर्दालमध्ये आईच्या प्रश्नाचे उत्तर "ज्या दाराने आलात, त्याच दाराने परत जा" असे आहे. हे उत्तर काही तिला पटलेले दिसले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

आता आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या मिसिंग लिंकमध्ये, म्हणजे खोपोली ते कुसगाव या घाट टाळणाऱ्या नव्या रस्त्यात, जवळपास नऊ किलोमीटरचा बोगदा आहे आणि तो आपल्या रोजच्या जाण्या-येण्याचा भाग होणार आहे. तेव्हा माझा प्रश्न असा, की एवढ्या लांबीच्या बोगद्यात हवा कशी खेळवतात, आग लागली तर धूर कोणत्या दिशेला जातो, आणि माणसाने नेमके कुठे पळायचे असते? येथे जाणकार बरेच आहेत, म्हणून विचारतो.

लाल_डबा

प्रश्न चांगला आहे, पण आधी आनंद व्यक्त करू द्या. आडोशीच्या बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग एकाच गळ्यातून जातात, आणि शनिवारी सकाळी त्या गळ्यात काय अडकते ते मुंबईहून येणाऱ्या कोणालाही विचारावे. वडील एसटीत चालक होते. बोरघाटात पहिल्या गिअरवर गाडी चढवताना इंजिनाच्या झाकणावर ओला टॉवेल टाकलेला मी लहानपणी पाहिला आहे. खोपोली ते कुसगाव हे १३.३ किलोमीटरचे नवे अंतर, त्याने वाचणारे सहा किलोमीटर आणि वीस-पंचवीस मिनिटे, हे आकडे कागदावर लहान दिसतात. ज्याने घाटात तीन तास काढले आहेत त्याला ते लहान वाटत नाहीत.

आणि बोरघाटाला बोगद्यांचे नावीन्य कसले? रेल्वेने हा घाट १८६३ सालीच बोगदे खोदून सर केला आहे.

पंखेवाला

धायरीकर, माझी नोकरी बोगद्यांच्या वायुवीजनाच्या कामात गेली, म्हणून सविस्तर लिहितो. लांबी सोसून घ्या.

बोगदा म्हटले की लोकांना खोदकाम, सुरुंग आणि "ब्रेकथ्रू"च्या दिवशीचे पेढे आठवतात. खोदकाम अवघड असतेच, पण ते एकदा होऊन जाते. हवा मात्र बोगदा वापरात असेपर्यंत रोज चोवीस तास सांभाळावी लागते, आणि लांबी वाढत गेली की हा प्रश्न नुसत्या पटीने न वाढता त्याचा स्वभावच बदलतो. पाचशे मीटरच्या बोगद्यात चालत्या गाड्याच पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे हवा पुढे ढकलतात आणि बहुतेक काम आपोआप होते. एक-दीड किलोमीटरपर्यंत छताला टांगलेले जेट पंखे पुरतात. विमानाच्या इंजिनासारखी दिसणारी ती लांबट नळकांडी सर्वांनी पाहिली असतील. त्यापुढे मात्र शेवटच्या टोकाशी पोहोचणारी हवा ही आधीच्या सगळ्या गाड्यांनी वापरून टाकलेली हवा असते. तिच्यात कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि डिझेलची काजळी साठत जाते. काजळीने आधी दिसेनासे होते आणि मग डोके दुखू लागते.

यावर ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिल्यात हवा एका तोंडातून आत घ्यायची आणि दुसऱ्या तोंडातून किंवा मधल्या उभ्या कूपकातून (डोंगरावर उघडणाऱ्या विहिरीसारख्या वाटेतून) बाहेर टाकायची. दुसऱ्यात बोगद्याच्या छताखाली आणखी एक छत घालून वर स्वतंत्र वाहिनी करायची, तिच्यातून ताजी हवा ठिकठिकाणी खाली सोडायची आणि वापरलेली हवा निराळ्या वाहिनीने खेचून घ्यायची. जम्मू-श्रीनगर मार्गावर चेनानी-नाशरीचा ९.२८ किलोमीटरचा बोगदा २०१७ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला, तो या दुसऱ्या, आडव्या पद्धतीचा. रोहतांगखालचा अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे आणि तिथे अर्ध-आडवी पद्धत, म्हणजे दोन्हींपैकी एकाच कामाला स्वतंत्र वाहिनी, वापरली आहे. लेर्दालची लांबी एवढी, की तिथे हवा बाहेर टाकण्याबरोबरच आतल्या आत गाळून स्वच्छ करण्याचे यंत्रही बसवावे लागले.

आता धुराविषयी. जेट पंखे ज्या दिशेला हवा ढकलतात त्याच दिशेला धूरही जातो, फक्त हवेचा वेग पुरेसा हवा. सेकंदाला साधारण तीन मीटरच्या खाली वेग गेला तर गरम धूर छताला चिकटून उलटा, वाऱ्याच्या विरुद्ध सरपटू लागतो. आम्ही सगळे आयुष्य या एका आकड्याभोवती काढले असे म्हटले तरी चालेल. एकेरी वाहतुकीच्या नळीत हे गणित सुटते, कारण आगीच्या पुढच्या गाड्या मोकळा रस्ता असल्यामुळे निघून जातात, मागच्या अडकतात, आणि धूर पुढे ढकलला की अडकलेल्यांना ताजी हवा मिळते. दुहेरी वाहतुकीच्या नळीत मात्र आगीच्या दोन्ही बाजूंना माणसे अडकलेली असतात. धूर कोणाच्या अंगावर सोडायचा, हे कोणाला तरी खोलीत बसून ठरवावे लागते.

तुम्ही ज्या रस्त्याने बर्गनला गेलात, त्याच रस्त्यावर लेर्दालनंतर गुदवांगा नावाचा ११.४ किलोमीटरचा बोगदा लागला असेल. २०१३ च्या ऑगस्टमध्ये तिथे एका ट्रकने पेट घेतला आणि ६७ जण धुरात सापडले. पंख्यांची दिशा आधीच ठरलेली होती, अग्निशमन दल ज्या बाजूने आत येणार त्या बाजूने वारा; त्यामुळे दलाला मोकळी हवा मिळाली आणि पलीकडच्या लोकांकडे कित्येक किलोमीटर धूर गेला. जीव कोणाचा गेला नाही, पण हाताला लागलेली भिंत चाचपडत लोक बाहेर आले. आपल्या आईंनी विचारलेला प्रश्न म्हणूनच अगदी बरोबर जागी बसतो.

शनिवारपेठी

पंखेवाला यांचा प्रतिसाद उत्तम. पुण्यापुरती एक जोड देतो, विषयाला सोडून नाही.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारा दगडी नळ बांधला गेला. माणूस आत उतरून गाळ काढू शकेल एवढा तो मोठा आहे आणि त्याच्यावर ठिकठिकाणी उभे हौदवजा बांधकाम आहे, त्याला "उच्छ्वास" म्हणतात. आत कोंडलेली हवा बाहेर सोडणे आणि सफाईसाठी वाट देणे, ही दोन्ही कामे एकाच बांधकामाने व्हायची. सातारा रस्त्याच्या जुन्या रहिवाशांना यातले काही उच्छ्वास पाहून ठाऊक असतील. आता पंखेवाला ज्याला "उभा कूपक" म्हणतात, त्याला उच्छ्वास म्हणायला काय हरकत आहे? शब्द घरचा आहे आणि अर्थाला नेमका बसतो. अभियंत्यांनी तो उचलावा, अशी नम्र सूचना.

पंखेवाला

मान्य. यापुढे उच्छ्वासच लिहीन.

माहेर_वाई

माझा अनुभव लिहिते. यात चूक सर्वस्वी माझी होती, हे आधीच सांगते.

वाईहून पुण्याला येताना सुरूरपासून वर चढून आपण खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडतो. जाताना घाट आणि येताना बोगदा, अशी तेव्हा तिथली रचना होती. गेल्या एप्रिलमध्ये दुपारी दोनच्या सुमारास मी आणि सासूबाई परत येत होतो. चढावर गाडीच्या तापमानाचा काटा वर जाताना मी पाहिला होता, पण "बोगद्यात सावली आहे, तिथे उतरेल" असा विचार करून गाडी तशीच दामटली. बोगद्याच्या मध्यावर बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली.

बाहेरून पाहताना बोगदा शांत वाटतो. आत गाडीबाहेर उभे राहिल्यावर कळते, की तिथे एकही आवाज विरत नाही. लांबून येणारा कंटेनर आधी पायाखालच्या कंपनातून जाणवतो, मग भिंतीतून, आणि दिवे दिसायच्या आधी अंगावर वारा येतो. तो गेल्यावर मागून उलट वारा ओढून घेतो. सासूबाईंचा पदर त्या वाऱ्याने आधी पुढे गेला आणि मग मागे. आम्ही भिंतीला पाठ लावून उभ्या होतो आणि भिंत हाताला ओलसर व तेलकट लागत होती, काजळीने हात काळे झाले. धोक्याचा त्रिकोण डिकीत पिशव्यांच्या खाली होता. फोनला रेंज नव्हती. शेवटी मागून आलेल्या एका टेम्पोवाल्याने टेम्पो आमच्या गाडीमागे आडवा लावला, इंडिकेटर चालू ठेवले आणि दोघातिघांनी ढकलत गाडी बाहेर काढली. सगळे मिळून बारा-पंधरा मिनिटे गेली असतील.

हा बोगदा एक किलोमीटरपेक्षाही लहान आहे, म्हणून गाडी ढकलत बाहेर आली. नऊ किलोमीटरच्या मध्यावर कोण ढकलणार? तिथे नेमके काय करायचे असते, ते पंखेवाला यांनी क्रमाने सांगावे. आणि वाहतूक तुंबून आत उभे राहावे लागले तर इंजिन बंद करावे का? आमच्या घरात यावर दोन पक्ष आहेत.

भूस्तर

मी भूशास्त्र शिकवत असे. हवेबद्दल लिहिण्याचा माझा अधिकार नाही, पण ज्या दगडातून ही हवा जाणार आहे त्याविषयी थोडे लिहितो, कारण "हिमालयात अवघड, सह्याद्रीत सोपे" असा एक समज दिसतो.

तो समज अर्धा खरा आहे. हिमालय अजून उचलला जाणारा, मोडलेला, दबलेला डोंगर आहे. अटल बोगद्याचे काम २०१० मध्ये सुरू झाले आणि तो ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्यातला मोठा काळ सेरी नाल्याखालच्या ५८७ मीटरच्या भ्रंशपट्ट्याने, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या पट्ट्याने, खाल्ला. तिथे खडक कसला, पाण्याने भिजलेला चुराच होता, आणि खणावे तितके वरून येत राही. उत्तरकाशीजवळच्या सिलक्याऱ्यात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी खणून झालेला भाग मागे कोसळला आणि ४१ कामगार आत कोंडले गेले. सतराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, ते बाहेर आले. मोठे यंत्र ढिगाऱ्यात अडकल्यावर शेवटचे काही मीटर उंदराच्या बिळासारखी वाट हाताने खणणाऱ्या मजुरांनी पार केले. त्या बांधकामातही सुटकेची दुसरी वाट नव्हती, म्हणजे धायरीकरांच्या मातोश्रींचा प्रश्न बांधतानासुद्धा विचारायला हवा.

सह्याद्रीचा बसाल्ट त्या मानाने भला दगड आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थंड झाले. कार्ले-भाजे येथे दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी याच दगडात चैत्यगृहे कोरली आणि ती आधाराशिवाय उभी आहेत, त्यावरून दगडाची जात कळावी. मात्र दोन थरांच्या मध्ये तांबडी, भिजली की फुगणारी माती असते. दोन ओघांमधल्या विश्रांतीच्या काळात वरचा पृष्ठभाग कुजून ती तयार झाली. द्रुतगती मार्गाने खोदलेल्या कड्यांमध्ये काळ्या दगडातून जाणारा विटकरी पट्टा सर्वांनी पाहिला असेल, तो हाच. बोगद्याच्या छताच्या नेमक्या वर असा पट्टा आला, तर वरचा दगड कितीही टणक असला तरी तो पत्त्यांच्या थरासारखा सुटू शकतो. शिवाय टणक बसाल्टला उभ्या भेगा असतात. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातले काही पाणी या भेगांतून खाली उतरून महिन्या-दोन महिन्यांनी बोगद्याच्या छतातून टपकू लागते. दिवाळीत बाहेर कडक ऊन आणि बोगद्यात पागोळ्या, हे म्हणूनच दिसते.

मिसिंग लिंकच्या मोठ्या बोगद्याचे वेगळेपण मला लांबीपेक्षा रुंदीत वाटते. प्रत्येक नळीत चार मार्गिका घ्यायच्या म्हणून ती तेवीस मीटरहून अधिक रुंद आहे. कमान जितकी रुंद आणि चपटी, तितका तिच्या माथ्यावरचा दगड लोंबकळतो. त्याला लोखंडी दांड्यांनी वरच्या खडकाशी टाचून, जाळी लावून, वर काँक्रीटचा फवारा मारून धरून ठेवावे लागते. लेर्दालची नळी याच्या निम्म्यानेही रुंद नाही.

लाल_डबा

सर्व वाचले. ज्ञानात भर पडली, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. युरोपात कधी काळी एखादी आग लागली म्हणून आपण बोगद्याला घाबरायचे, आणि घाटात रोज ब्रेक निकामी होऊन ट्रक उलटतात ते मात्र अंगवळणी पडलेले! उघड्या घाटापेक्षा बोगदा सुरक्षित असतो, हे पंखेवालाही मान्य करतील. दरड नाही, धुके नाही, वळण नाही, माकडांना केळी घालायला थांबणारे नाहीत.

पंखेवाला

लाल_डबा, संपूर्ण मान्य. बोगद्यात अपघात कमी होतात. जो होतो तो मात्र आगीत बदलला तर घाटातल्यासारखा एका गाडीपुरता राहत नाही, एवढाच फरक. "एखादी आग" म्हणालात म्हणून दोन आगींचे लिहितो, कारण आजचे बहुतेक नियम त्यांच्यातून आले आहेत.

फ्रान्स आणि इटलीमधला माँ ब्लाँचा बोगदा ११.६ किलोमीटरचा, १९६५ सालचा. एक नळी, दुहेरी वाहतूक. २४ मार्च १९९९ रोजी मैदा आणि मार्गारिन घेऊन जाणारा एक ट्रक मध्यावर पेटला. मार्गारिन म्हणजे शेवटी तेलच, ते वितळून वाहू लागले. आग ५३ तास धुमसत राहिली आणि ३९ माणसे गेली. त्यातली बरीचशी स्वतःच्या गाडीत किंवा गाडीच्या आसपास सापडली. काचा वर करून, वाहतूक सुरू होण्याची वाट पाहत ती बसून राहिली होती. बोगद्यात आश्रयखोल्या होत्या, पण त्या काही तासांची आग सोसण्यापुरत्या होत्या आणि त्यांना बोगद्याबाहेर जाणारी वाट नव्हती. पिएरलुचो तिनात्सी नावाचा मोटारसायकलवरून गस्त घालणारा इटालियन रक्षक लोकांना वाचवायला आत गेला आणि एका ट्रकचालकाबरोबर अशाच आश्रयखोलीत मरण पावला. बोगद्याच्या दोन टोकांचा कारभार दोन निरनिराळ्या देशांच्या मंडळांकडे होता आणि पंख्यांबाबत दोघांचे निर्णय एकमेकांना मारक ठरले. तीन वर्षे बोगदा बंद राहिला. आता तिथे आश्रयखोल्यांतून रस्त्याखालच्या वाहिनीत उतरून बाहेर येता येते आणि दोन गाड्यांत किमान दीडशे मीटर अंतर ठेवावे लागते.

दुसरी आग स्वित्झर्लंडच्या गॉटहार्डमधली, २४ ऑक्टोबर २००१ ची. १६.९ किलोमीटरचा बोगदा, दुहेरी वाहतूक, दोन ट्रकची समोरासमोर धडक. ११ जण गेले. परंतु १९८० साली हा बोगदा बांधतानाच शेजारून सुटकेचा समांतर बोगदा खणलेला होता आणि दर अडीचशे मीटरवर त्याच्याकडे दार होते. जी माणसे गाडी सोडून लगेच दाराकडे धावली ती वाचली. दोन्ही बोगद्यांमधला फरक त्या दारांचा होता.

आता माहेर_वाई यांचे प्रश्न. गाडीतून वाफ किंवा धूर येऊ लागला आणि गाडी चालत असेल, तर थांबू नये. बाहेर पडता आले तर पडावे. नाहीच जमले तर बाजूच्या थांब्यावर किंवा अगदी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, धोक्याचे दिवे लावावेत आणि भिंतीवरच्या आपत्कालीन फोनवरून कळवावे. स्वतःच्या मोबाइलवरून नको, कारण भिंतीवरच्या फोनने तुम्ही नेमके कुठे आहात हे समोरच्याला न सांगता कळते. वाहतूक तुंबली असेल तर इंजिन बंद ठेवावे. तुमच्या घरातला "एसी चालू राहू दे" म्हणणारा पक्ष हरला आहे, कारण तो एसी बाहेरचीच हवा थंड करतो आणि त्या हवेत तुमच्यासारख्या चारशे गाड्यांचा धूर असतो. पुढे धूर दिसला, तर मात्र गाडीचा मोह सोडावा, किल्ली आत ठेवून उतरावे आणि हिरव्या पाटीच्या दाराकडे चालू लागावे. किल्ली आत ठेवायची ती मदत पथकाला गाडी बाजूला सारता यावी म्हणून.

आणखी एक, जे आपल्याकडे कोणी पाळत नाही. उन्हातून बोगद्यात शिरताना डोळ्यांना काही क्षण समोर नुसते काळे भोक दिसते. म्हणूनच तोंडाजवळचे दिवे दिवसा अधिक प्रखर ठेवलेले असतात. काळा चष्मा लावून, मोबाइल पाहत, ऐन तोंडाशी मार्गिका बदलणारे महाभाग मी कात्रजला रोज पाहतो. आत शिरल्यावर हॉर्न वाजवून प्रतिध्वनी ऐकणाऱ्यांविषयी काही लिहीत नाही.

धायरीकर

सर्वांचे आभार. अटल बोगद्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो, तिथे मी चार वर्षांपूर्वी गेलो होतो. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर आहे तो. दक्षिणेच्या तोंडाशी मनालीकडचा पाऊस होता आणि उत्तरेला सिस्सूच्या बाजूला लख्ख ऊन. दोन्हीकडची वाहतूक एकाच नळीतून जाते, तरी सुटकेची वाट तिथे आहे, आणि तीही रस्त्याच्या खाली. मुख्य बोगद्याच्याच पोटात. चालकाने सांगितल्यावर मी तिचे दार शोधू लागलो तोवर पुढचे येऊन गेले होते. दर पाचशे मीटरवर आहे म्हणे. गाडीच्या वेगात ते जवळ वाटले.

मिसिंग लिंकला दोन स्वतंत्र नळ्या आहेत, म्हणजे जाणारी वाहने एकीत आणि येणारी दुसरीत. मग तिथे सुटका कशी?

पंखेवाला

दोन नळ्या असल्या की प्रत्येक नळी ही दुसरीचा सुटकेचा बोगदा होते. ठरावीक अंतरावर दोन्हींना जोडणारे आडवे बोगदे खणतात, त्यांना आगीला दाद न देणारी दारे बसवतात आणि शेजारच्या नळीतली वाहतूक थांबवून लोकांना तिकडे घेतात. शेजारच्या नळीत हवेचा दाब किंचित अधिक ठेवला, की दार उघडले तरी धूर लोकांच्या पाठोपाठ तिकडे शिरत नाही. समोरासमोर धडकेचा प्रश्नही मिटतो. माझ्या मते नऊ किलोमीटरच्या एका दुहेरी नळीपेक्षा हे शंभर पटींनी बरे.

यात एक बारकावा आहे आणि तो नकाशा पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. आपण डावीकडून चालवतो, म्हणून शेजारची नळी नेहमी आपल्या उजव्या हाताला येते. दारेही उजव्या भिंतीत. बंद पडलेली गाडी मात्र आपण डावीकडे घेतो, आणि जड वाहनेही डावीकडेच चालतात. म्हणजे डाव्या कडेला उतरलेल्या माणसाला चार मार्गिका ओलांडून दार गाठायचे असते. वाहतूक पूर्ण थांबलेली असल्याची खात्री झाल्याशिवाय ते करू नये, आणि मुले बरोबर असतील तर हात धरूनच करावे.

माहेर_वाई

हे कोणीच सांगितले नव्हते. आम्ही तर त्या दिवशी डावी भिंत धरून उभ्या होतो आणि तीच सुरक्षित वाटत होती.

सीएनजी गाडीचे काय? आमची आताची गाडी सीएनजीवरची आहे.

पंखेवाला

सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, त्यामुळे गळती झाली तर तो छताकडे जातो आणि पंखे चालू असतील तर विरळ होऊन निघून जातो. एलपीजी जड असतो, तो जमिनीलगत आणि गटारात साठतो, म्हणून त्याची काळजी अधिक. विजेवरच्या गाड्यांची आग विझवायला वेळ आणि पाणी फार लागते. तुमच्या बाजूने एवढेच करता येण्यासारखे आहे, की टाकीची ठरलेल्या मुदतीची तपासणी चुकवू नका आणि पुढच्या वेळी तापमानाचा काटा वर गेला तर सुरूरलाच थांबा.

शनिवारपेठी

आणि धोक्याचा त्रिकोण पिशव्यांच्या वर ठेवावा.

धायरीकर

हा सगळा धागा काल रात्री आईला वाचून दाखवला. तांबडी माती आणि उच्छ्वास तिला आवडले, मार्गारिनचे ऐकून ती थोडा वेळ काही बोलली नाही. दारे उजव्या भिंतीत असतात हे मात्र तिने दोनदा विचारून घेतले. पुढच्या महिन्यात पनवेलला मामेभावाकडे कार्य आहे. आजवर ती नेहमी माझ्या शेजारी, डाव्या बाजूला बसत आली. या खेपेला मागे, माझ्या बरोबर पाठीशी बसणार आहे म्हणते.